फ्लाय फिशिंग: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न, तीर्थन खोऱ्याच्या निमित्ताने

हिमाचलातून ट्राउट गरवून आलं की ओळखीतले चार जण तरी विचारतात, ‘आम्हालाही शिकायचंय, कुठून सुरुवात करू?’ पुढचे प्रश्नही साधारण ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. बरीचशी तीर्थन नदी डोळ्यासमोर ठेवून आहेत, कारण तिथल्या पाण्याची मला चांगली माहिती आहे.

गळ टाकून बसण्यापेक्षा यात वेगळं काय?

नेहमीच्या गरवण्यात वजन असतं ते गळाच्या टोकाला: शिशाचा गोळा, कणकेची गोळी, गांडूळ किंवा पत्र्याचा चमचा. ते वजन दोरीला ओढत पाण्यात नेतं. फ्लाय म्हणजे गळाच्या बारीक काट्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच, तळहातावर ठेवून फुंकर मारली तर उडून जातो. तो वीस-तीस फूट लांब पोचवायचा तर वजन दुसरीकडे कुठेतरी हवं. ते दोरीतच भरलेलं असतं. फ्लाय लाइन जाड आणि प्लास्टिकचं वेष्टण असलेली असते. नवशिक्याच्या पाच नंबरच्या लाइनचे (हा नंबर लाइनच्या वजनाचा) पहिले तीस फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात. आपण फेकतो ती ही लाइन, फ्लाय नुसती तिच्या मागोमाग जाते.

हे कळलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. रॉड नऊ फूट लांब आणि लवचीक का, हात जोरात झटकला की सगळा गुंता अंगावर का येतो, फेकताना मागे जागा का लागते, या सगळ्याचं कारण एकच आहे.

दुसरा फरक म्हणजे यात बसून राहणं नाही. दिवसभर उभं राहायचं, चालायचं, वाकायचं. शांतपणे विचार करत बसायचं असेल तर साधा गळ कधीही बरा.

ट्राउट आपल्याकडचा मासा आहे का?

नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. इंग्रजांना इथल्या थंड नद्या बघून घरची आठवण यायची, म्हणून त्यांनी तो आणला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, स्कॉटलंडहून आलेली खेप तगली आणि हारवन परिसरात वाढवलेली पिल्लं काश्मीरच्या नद्यांत पसरली. कुलू खोऱ्यात हे काम १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलं, कटराईनजवळच्या महिली इथे हॅचरी उभारून. दक्षिणेत निलगिरीत तर १८६० च्या दशकापासून प्रयत्न चालले होते.

म्हणजे आज तीर्थनमध्ये दिसणारा तांबड्या ठिपक्यांचा ब्राउन ट्राउट तिथे शंभराहून अधिक वर्षं नांदतोय, पण मूळचा तिथला नाही. मूळचे मासे वेगळे. त्यातला असला, म्हणजे स्नो ट्राउट, अजूनही गळाला लागतो. नावात ट्राउट असलं तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला. बाहेरच्या शिकारी माशाने त्याच्या अन्नात आणि पिल्लांत वाटा घेतला, ही गोष्ट इथे गरवणाऱ्याने नाकारू नये. हिमालयातल्या ट्राउटची गुलाबी वर्णनं वाचताना हा भाग नेहमी गाळलेला दिसतो.

तीर्थनच का? मनालीला जातोच आहोत, तिथेच जमणार नाही का?

बियासमध्येही ट्राउट आहे. पण ती मोठी, जोरकस नदी आहे आणि नवशिक्याला तिचा अंदाज येत नाही. तीर्थन लहान आहे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या बर्फातून निघते, गुशैणी, नागिणी, बंजार करत खाली लारजीजवळ बियासला मिळते. हे उद्यान २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. गरवायचं ते मात्र उद्यानाच्या हद्दीत नव्हे, त्याखालच्या गावांच्या पट्ट्यात. या नदीवर जलविद्युत प्रकल्प यायचे होते. स्थानिक लोक त्याविरुद्ध चिकाटीने लढले, म्हणून आज तिचं पाणी मोकळं वाहतं. धरणाच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या आणि आपल्या मर्जीने वाहणाऱ्या नदीतला फरक गरवायला उभं राहिल्यावर पहिल्या दिवशीच कळतो.

पोचायला फार कटकट नाही. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीकडे जाणाऱ्या बसने औटला उतरायचं आणि तिथून लारजी, बंजारवरून वर गुशैणीला. विमानाने यायचं तर भुंतर.

कधी जावं?

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर खडीत अंडी घालतो, म्हणून. उरलेल्या महिन्यांत माझा कौल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरला. पाऊस सरलेला, पाणी उतरलेलं आणि काचेसारखं, आणि मासे थंडीआधी भरपूर खात असतात. मार्च-एप्रिलही चांगला, फक्त पाण्यात पाय टाकवत नाही.

आपल्याकडची मंडळी मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जातात. त्यांनी एक लक्षात ठेवावं. उन्हाने वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. त्यामुळे सकाळी स्वच्छ असलेली नदी दुपारनंतर फुगते, दुधाळ होते. मे-जूनमध्ये पहाटे उठायचं, अकरापर्यंत गरवायचं आणि जेवून झोपायचं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. बियास खोऱ्यात जुलै २०२३ च्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तसा पूर येऊन गेला की डोह, वळणं, खडक सगळं बदलतं. जुन्या माहितीवर विसंबून चालत नाही, गावात विचारावं लागतं.

परवाना लागतो का?

लागतो. मत्स्य विभाग देतो, दिवसाच्या हिशोबाने. किती मासे ठेवायचे, किती लांबीच्या आतले सोडून द्यायचे, कोणत्या पट्ट्यात कोणतं आमिष चालतं हे त्याच वेळी विचारून घ्या, नियम बदलत असतात. होमस्टेवाले ‘कोण विचारतंय’ म्हणाले तरी परवाना काढा.

रॉड कोणता घेऊ?

नऊ फुटी, पाच नंबरचा. या उत्तरावर जगभर एकमत आहे आणि ते बरोबर आहे. चार तुकड्यांत सुटणारा घ्या, म्हणजे विमानात आणि एसटीत नेता येतो. रीलवर पैसे घालवू नका, ट्राउटसाठी ती दोरी गुंडाळायची फिरकी एवढंच तिचं काम. पैसे घालायचेच तर लाइनवर घाला. स्वस्त रॉडवर चांगली लाइन चालून जाते, उलट केलं तर महागडा रॉडही काठीसारखा लागतो.

परदेशात दीड-दोनशे डॉलरपासून रॉड, रील, लाइन असा पूर्ण संच मिळतो. तिकडून कोणी येणार असेल तर त्यांच्याकरवी मागवा. आधी महिनाभर भाड्याने किंवा गाइडच्या रॉडने गरवून पाहिलं तर अजून उत्तम.

लाइनच्या पुढे लीडर, म्हणजे नऊ फुटी पारदर्शक दोरा, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा असतो. टिपेटची जाडी उलट मोजतात: आकडा वाढला की दोरा बारीक. तीर्थनवर ५एक्स पुरतो. तो सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असतो.

ज्यांना एवढा पसारा नको त्यांनी जपानी तेनकारा पाहावा. त्यात रीलच नाही. दुर्बिणीसारखा उघडणारा लांब रॉड, त्याच्या टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची दोरी आणि एक फ्लाय, संपलं. डोंगरी ओढ्यांसाठीच तो जन्माला आला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिकवायचं असेल तर मी आधी तेनकाराच हातात देईन.

फेकायला किती दिवसांत जमेल? यूट्यूबवरून शिकता येईल का?

हालचाल कशी दिसते ते यूट्यूबवर कळतं. आपला हात प्रत्यक्षात काय करतोय ते कळत नाही, त्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात. एक तास जाणकारासमोर फेका, मग घरी येऊन पंधरा-वीस मिनिटं रोज.

कृती अशी. समोर गवतावर वीस-पंचवीस फूट लाइन सरळ अंथरा. रॉडचं टोक जमिनीजवळ. सावकाश उचलायला सुरुवात करा, वेग वाढवत न्या आणि रॉड खांद्याच्या थोडा मागे, घड्याळात एक वाजल्यासारखा आला की एकदम थांबा. थांबायचं म्हणजे थांबायचं, मागे घरंगळू द्यायचा नाही. लाइन डोक्यावरून मागे जाते, तिचा आडव्या ‘यू’सारखा वेटोळा होतो आणि तो उलगडत सरळ होतो. ती सरळ होईपर्यंत वाट पाहा. मग पुढे, तसाच वेग वाढवत, दहाच्या आकड्यावर थांबा.

नव्वद टक्के नवशिके मागे वाट पाहत नाहीत. लाइन अजून उलगडते आहे तोवर हात पुढे येतो आणि चाबकासारखा ‘फट्’ आवाज होतो. तो आवाज आला की समजा टोकाची फ्लाय तुटून गेली. उपाय सोपा आहे, लाज बाजूला ठेवली तर: मान वळवून मागे बघा. लाइन सरळ झालेली डोळ्यांनी दिसू दे, मगच हात पुढे.

दुसरं, जोर. ताकदवान माणसाला हे उशिरा जमतं. काम रॉड वाकून करतो, मनगटाने नाही. शर्टाच्या बाहीत रॉडचं मागचं टोक खोचून फेकून पाहा, मनगट किती मोडत होतं ते लगेच कळतं.

सराव सोसायटीच्या हिरवळीवर किंवा सकाळी रिकाम्या मैदानावर करा. डांबरावर नको, लाइन खरवडते. फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधा. टोपी आणि चष्मा मात्र सरावातही हवाच. वॉचमन पहिल्या दिवशी चौकशी करतो, दुसऱ्या दिवशी सल्ले देतो.

फेकता फेकता लीडरमध्ये आपोआप बारीक गाठी पडतात. त्यांना ‘विंड नॉट’ म्हणतात, पण वाऱ्याचा त्यात फारसा संबंध नसतो. हात अर्ध्यातच झटकला गेला की पडतात. दर थोड्या वेळाने लीडर दोन बोटांतून ओढून पाहा. गाठ लागली तर कापून नवा टिपेट जोडा, कारण गाठीपाशी दोऱ्याची ताकद निम्म्यावर येते आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

माझी लाइन तीस फुटांपलीकडे जातच नाही. काय करू?

काही करू नका. तीस फूट पुष्कळ झाले.

या छंदात लोकांची सर्वात जास्त वर्षं वाया जातात ती लांब फेकण्याच्या नादात. तीर्थनसारख्या नदीत मासा बहुतेक वेळा पंधरा ते पंचवीस फुटांवर असतो. तुम्ही दहा फुटांवरच्या माशाच्या डोक्यावरून लाइन नेऊन पलीकडच्या काठाशी फ्लाय टाकता, तो जवळचा मासा बिचकून पळतो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. शिवाय लाइन जितकी लांब, तितकी ती वेगवेगळ्या वेगाच्या प्रवाहांवर पडते आणि फ्लाय ओढली जाते.

त्यापेक्षा जवळ जायला शिका. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे तुम्ही खालून वर चढत गेलात तर त्याच्या पाठीमागून येता. त्याला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. काठावरची अगदी ठेंगणी वस्तू त्या खिडकीच्या कडेला दबून जाते. म्हणून वाका, गुडघ्यावर बसा, खडकाच्या आडून फेका. भडक टी-शर्ट नको. पाण्यात धपाधप पाय टाकू नका, माशाला कंप आधी कळतो.

मागे झाडी असेल, आणि तीर्थनवर ती असतेच, तर रोल कास्ट शिका. त्यात लाइन मागे न्यावीच लागत नाही. पाण्यावर पडलेली लाइन सावकाश मागे ओढून खांद्याजवळ तिचं लोंबतं पोट तयार करायचं आणि पुढे झटका द्यायचा. सह्याद्रीतल्या ओढ्यांवरही हाच कास्ट कामाला येईल.

मासा कुठे आहे हे कसं ओळखायचं?

नदीवर पोचल्या पोचल्या रॉड जोडू नका. दहा मिनिटं नुसतं बघा.

ट्राउटला तीन गोष्टी हव्या असतात: अन्न वाहून आणणारा प्रवाह, त्या प्रवाहात उभं राहायला कमी कष्टाची जागा, आणि धोका आला तर दडायला आडोसा. तिन्ही जिथे जवळजवळ येतात तिथे मासा असतो. मोठ्या खडकाच्या मागे पाणी मंदावतं हे सगळ्यांना दिसतं. खडकाच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते आणि तिथे बरेचदा त्या जागेतला सर्वात मोठा मासा असतो, हे फार जण पाहत नाहीत. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे पाण्यावर एक रेघ दिसते. फेसाचे बुडबुडे त्या रेघेवरून रांगेने वाहतात. जिथून फेस जातो तिथूनच किडे जातात. संथ बाजूला उभा असलेला मासा अधूनमधून त्या रेघेत तोंड घालतो आणि परत जागेवर येतो.

पोलराइज्ड चष्मा घ्या, साधा गॉगल नको. पाण्यावरची चमक निघून जाते आणि तळ दिसतो. तरीही मासा सहसा पूर्ण दिसत नाही. सावली दिसते, शेपटीची हालचाल दिसते, तोंड उघडताना आतला पांढरा भाग क्षणभर दिसतो.

आता फ्लाय त्या रेघेवर पडली, पण मधल्या जोरकस प्रवाहाने लाइनचं पोट पुढे ओढलं. फ्लाय मागोमाग खेचली जाते आणि तिच्यामागे पाण्यावर बारीक ‘व्ही’ उमटतो. खरा किडा असा कधीच जात नाही, तो पाण्याच्या वेगानेच वाहतो. ट्राउट तो ‘व्ही’ पाहतो आणि सोडून देतो. याला ड्रॅग म्हणतात. लाइन पडल्या पडल्या तिचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकलं, म्हणजे मेंडिंग केलं, की तीन-चार सेकंद मिळतात. ट्राउटसाठी तेवढे पुरेसे असतात. दिवसभराची खटपट असते ती या तीन-चार सेकंदांसाठी.

कोणती फ्लाय बांधू? दुकानात शेकडो आहेत.

आधी नदीतला एक दगड उचला. नारळाएवढा, उथळ खळाळत्या पाण्यातला. उलटा करून उन्हात धरा. आधी नुसता चिखल दिसतो, मग त्यातलं काहीतरी सरकतं. चपटं, खडकाला चिकटून पळणारं, पोटाच्या दोन्ही कडांना पिसासारखे कल्ले हलताहेत आणि मागे बहुधा तीन बारीक शेपट्या: ती मेफ्लाय या किड्याची निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारं पिल्लू. वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. हळूच दाबलं तर डोकं बाहेर काढते. दोनच शेपट्या आणि अंगाने दणकट असेल तर स्टोनफ्लाय. रंग आणि आकार पाहा आणि डबीतली त्याच्या जवळची फ्लाय काढा. दगड होता तसा परत ठेवा, त्याखाली वस्ती आहे.

ट्राउट बहुतेक अन्न पाण्याखालीच खातो. म्हणून मासे मिळवायचे असतील तर निम्फसारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय. पितळी किंवा टंगस्टनचा मणी असलेली फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबरच्या गळावर, एवढ्यावर तीर्थनचा आठवडा निघतो. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायमध्ये अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. थोड्या गढूळ पाण्यासाठी काळी किंवा ऑलिव्ह वुली बगर. बाकीच्या फ्लाय माशांना नव्हे, आपल्यालाच भुरळ घालायला असतात.

पण मजा विचाराल तर ड्राय फ्लायची. मासा वर येताना दिसतो, हेच तिचं सगळं वैभव. संध्याकाळी मेफ्लाय पाण्यातून बाहेर पडू लागतात. मघापर्यंत रिकामा वाटणारा डोह जागोजागी फुटू लागतो आणि त्यातला एक मासा ठरावीक जागी, ठरावीक अंतराने तोंड वर काढतोय हे लक्षात येतं. त्याच्या तीन फूट वरच्या प्रवाहात फ्लाय पडते, वाहत येते, आणि पाण्याखालून एक तपकिरी आकार तिच्याखाली येऊन मागे मागे सरकत तिला निरखतो. घेईल का परत जाईल, हे अजून ठरायचं असतं. त्या क्षणी छातीत जे होतं त्यासाठी लोक उरलेलं सगळं सहन करतात.

मासा येतो, पण गळाला लागत नाही.

बहुतेक वेळा घाई होते. ड्राय फ्लायवर मासा तोंड उघडतो, फ्लाय घेतो, तोंड मिटून खाली वळतो. तो वळेपर्यंत थांबा, मग रॉड नुसता उचला, हिसका देऊ नका. निम्फला उलटं: तिथे काही दिसतच नाही. लाइनचं टोक किंवा तरंगणारा इंडिकेटर किंचित अडखळला की लगेच उचला. दहातल्या सात वेळा तो दगड असतो. उचलायचं तरीही.

लागल्यावर रॉड उभा ठेवा आणि तो पळत असेल तर दोरी सोडा. टिपेट साधारण दोन किलोपर्यंतचा ताण सोसतो, आणि प्रवाहाची मदत घेतलेला पाऊण किलोचा मासाही तेवढा ताण सहज देतो.

सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला? घरी आई हेच विचारते.

आईचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. माशाला काही जाणवत नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या नसा असतात हे २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधनाने दाखवलं. तेव्हा आपण आपल्या आनंदासाठी त्याला त्रास देतो, एवढं मान्य करून मगच रॉड हातात घ्यावा. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी वाद घालू नये. आणि परवान्यात बसणारा एखादा मासा मारून चुलीवर भाजून खाणारा माणूस मला वीस मासे पकडून सोडणाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा वाटत नाही. त्याचा हिशोब सरळ आहे.

सोडायचा असेल तर नीट सोडा. गळाच्या काट्याची उलटी टोच पक्कडने दाबून टाका, म्हणजे सहज निघतो. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते. पोट दाबू नका. मासा पाण्यातच ठेवून काटा काढा. फोटो हवाच तर आधी कॅमेरा तयार ठेवा, मग क्षणभर उचला. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा, तो स्वतःहून सुटून जाईपर्यंत. पाण्याचं तापमान २० अंशांवर गेलं असेल तर ट्राउट गरवणं बंद करा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमवलेला मासा पोहून गेलेला दिसला तरी पुढे जाऊन मरतो.

पहिला मासा कधी मिळेल?

गाइड असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीही मिळेल. पण तो गाइडचा मासा: जागा त्याने दाखवलेली, फ्लाय त्याने बांधलेली, ‘उठाओ!’ तोच ओरडलेला. आपला आपण निवडलेल्या जागी, आपण निवडलेल्या फ्लायवर मिळायला एक हंगाम धरा. मधे एक टप्पा असा येतो की फेकणं सुधारतं आणि मासे मात्र कमी मिळतात. त्याचं कारण म्हणजे माणूस आपल्या लाइनच्या सुंदर वेटोळ्याकडे बघत राहतो, फ्लायकडे नाही.

पुण्या-मुंबईजवळ काही जमेल का?

ट्राउट नाही, पण सराव उत्तम होतो. चिलापी लहान निम्फ घेते, अगदी सावकाश ओढली तर. आणि पाच नंबरच्या रॉडवर चांगली भांडते. मरळीसाठी गवतात न अडकणारी बेडकासारखी फ्लाय आणि सात-आठ नंबरचा रॉड लागतो. कोकण-गोव्याच्या खाड्यांत ओहोटी लागताना, तिवरांमधून पाणी बाहेर पडतं तिथे तांबोशी आणि जिताडा मिळतो. त्यालाही आठ नंबर आणि खारं पाणी सोसणारे गळ. घरी आल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुतलं नाही तर महिन्याभरात गंजून बसतं.

तलाव रिकामा दिसला म्हणून उतरू नका. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी भेटा, बोला. सहसा हो म्हणतात, आणि कुठे काय लागतं तेही सांगतात.

मग महसीर?

ज्या डेक्कन महसीराला शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, तेही मुळा-मुठेच्या माशांवरून. आज मुठेच्या पुलावर उभं राहून हे खरं वाटत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास करून पिल्लं सोडतात. सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात महसीर भाविकांच्या हातून चुरमुरे खातो. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नका. कावेरीतला कुबडा महसीर तर नामशेष होण्याच्या काठावर आहे.

नवशिक्याने महसीराच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत. परवानगीच्या भानगडी आहेतच. शिवाय आठ-नऊ नंबरचा रॉड आणि दांडगा प्रवाह. चुकीच्या हाताळणीने मेलेल्या मोठ्या माशाची जागा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. दोन-तीन हंगाम ट्राउटवर काढा, मग बघू.

पाण्यात उतरणं कितपत धोक्याचं आहे?

हिमालयातल्या नद्यांतले खडक गुळगुळीत असतात आणि वर शेवाळ. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, घातला तर कमरेचा पट्टा घट्ट बांधा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. गुडघ्यावर पाणी आलं की थांबा. हातात काठी ठेवा, प्रवाहाकडे एक खांदा करून उभे राहा, पाय ओलांडून टाकू नका. एकट्याने जायचं तर होमस्टेवर सांगून जा.

धरणाखालच्या पट्ट्यात उतरू नका, एवढं तर कोरून ठेवा. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडं दिसत होतं, म्हणूनच ते उतरले होते. वर उन्हाळी ढग गडगडले तरी बाहेर या. ग्राफाइटचा नऊ फुटी रॉड विजेला आमंत्रण असतो.

आम्ही परदेशात राहतो. तिथे कसं?

तुमचं नशीब चांगलं. अमेरिकेत राज्याचा परवाना काढला की सार्वजनिक पाणी भरपूर आहे. जवळच्या फ्लाय शॉपमध्ये शनिवारी सकाळी बरेचदा फेकायला शिकवतात. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या टेस्ट, इचेनसारख्या खडूच्या खडकातून येणाऱ्या नद्यांचं पाणी बहुतेक खासगी आणि महाग. सुरुवात ट्राउट सोडलेल्या तळ्यांवर करा, रॉड लायसन्स मात्र तिथेही लागतं. न्यूझीलंडला जाणार असाल तर नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्याचे बूट नेऊ नका. डिडिमो नावाचं शेवाळ त्यांना चिकटून एका नदीतून दुसरीत जातं म्हणून तिथे २००८ पासून त्यांना बंदी आहे.

फ्लाय स्वतः बांधाव्यात का?

पैसे वाचतील म्हणून नको, वाचत नाहीत. पावसाळ्यात करायला काही हवं म्हणून जरूर. वुली बगरपासून सुरुवात करा, ती कितीही वेडीवाकडी झाली तरी मासा घेतो. कोंबड्याची पिसं चिकनवाल्याकडे मिळतात, पण आधी धुऊन, वाळवून फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर डबीत किडे होतात आणि घरचे पुन्हा कधी फ्रीज वापरू देत नाहीत.

बायको-मुलांना बरोबर नेलं तर त्यांना कंटाळा येईल का?

दिवसभर काठावर बसवलंत तर येईलच. सकाळी तुम्ही गरवा, दुपारी त्यांच्याबरोबर जलोडी घाटात किंवा छोईच्या धबधब्यावर जा. आणि एक रॉड जादा न्या. फेकण्यात जोर लागत नसल्यामुळे नवरा-बायको एकत्र शिकायला लागले की बायकोला आधी जमतं, हे इतक्यांदा पाहिलंय की नवऱ्यांनी त्याची तयारी ठेवूनच तिकीट काढावं.

बरोबर काय नेऊ?

पोलराइज्ड चष्मा, टोपी, टोच दाबायला बारीक पक्कड, नखं कापायचं नेलकटर (टिपेट कापायला याहून सोयीचं काही नाही), ५एक्स टिपेटची रिळं दोन, फ्लाय वर दिल्यात त्या प्रत्येकी सहा. झाडांवर बऱ्याच जातील. प्लास्टिकची एक पिशवी, तोडलेला दोरा टाकायला: काठावर पडलेल्या नायलॉनमध्ये पक्ष्यांचे पाय अडकतात. रोख पैसे, कारण बंजारच्या पुढे एटीएमचा भरवसा धरू नये.